पाहणी आणि कापणी

‘शितावरून भाताची परीक्षा’ ही म्हण मराठीत इतकी रुळलेली आहे की, तिच्यात दडलेले गृहीतक सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. भांडे एक, पाणी एक, आच एक. म्हणून कोणतेही शीत चिमटीत धरले तरी ते साऱ्या भाताची साक्ष देते. शेताचे तसे नसते. पाटाच्या तोंडाशी पीक दाट उभे असते, झाडाच्या सावलीत ते खुरटते, माळाकडच्या कोपऱ्यात विरळ होते. अशा शेतातून एक शीत उचलायचे झाले तर ते कोठून उचलावे, कोणी उचलावे आणि उचलताना जवळ कोण असावे, असे तीन प्रश्न उभे राहतात. देशात धान्य किती पिकले हे सांगणारा राष्ट्रीय आकडा अखेर या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर उभा आहे. आज प्रचलित असलेली उत्तरे १९४० च्या दशकात बव्हंशी दिल्लीतून सिद्ध झाली आणि ती सिद्ध करणाऱ्यांत दोन मराठी नावे अग्रभागी होती. त्याच उत्तरांची आज पुन्हा उलटतपासणी चालू आहे. हा विषय सांख्यिकांचा आहे, साहित्याच्या अभ्यासकांना त्याचे काय, असे वरवर पाहता वाटेल. परंतु कोणाचे म्हणणे प्रमाण मानावे आणि ते कोणत्या भाषेत, कोणाच्या समक्ष नोंदवावे, हा त्यातला मूळ प्रश्न आहे. आणि तो भाषा-साहित्याच्या अभ्यासाला परका नाही.

या व्यवहारातील मराठी शब्दच प्रथम पाहावेत. सरकारी सर्वेक्षणाला मराठीत ‘पाहणी’ म्हणतात. तलाठ्याने बांधावर जाऊन कोणत्या क्षेत्रात कोणते पीक उभे आहे हे गाव नमुन्यात लिहिणे म्हणजे ‘पीक पाहणी’. उत्पन्नाचा अंदाज बांधण्याची जुनी रीत ती ‘आणेवारी’. भरघोस पीक म्हणजे सोळा आणे, असे धरून यंदाचे पीक किती आणे, ते अधिकाऱ्याने नजरेने ठरवायचे. कोठे सोळा आणे प्रमाण, कोठे बारा. १९५७ साली दशमान नाणी आली आणि आणेवारीची ‘पैसेवारी’ झाली, तरी रीत बदलली नाही. महाराष्ट्राच्या महसुली व्यवहारात आरंभीच्या अंदाजाला ‘नजर पैसेवारी’ असे आजही म्हणतात. पाहणी काय किंवा नजर काय, दोन्ही शब्द डोळ्याचे आहेत. प्रश्न उरतो तो डोळा कोणाचा, एवढाच.

या प्रश्नाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण मुंबई इलाख्यातीलच आहे. १९१८ साली खेडा जिल्ह्यात पीक बुडाले. पीक चार आण्यांपर्यंत किंवा त्याहून कमी आले असेल तर त्या वर्षीचा सारा तहकूब करावा, असा नियम होता. शेतकरी म्हणत होते की पीक चार आण्यांच्या आत आहे. अधिकारी म्हणत होते की ते त्याहून अधिक आहे. दोघांनीही तीच शेते पाहिली होती. वादाचा निकाल लावू शकेल असे कोणतेही माप दोघांच्या हाती नव्हते, आणि ज्याच्या हाती वसुलीचा अधिकार त्याचा डोळा खरा ठरत होता. गांधीजींच्या नेतृत्वाखाली झालेला खेडा सत्याग्रह ही साऱ्याविरुद्धची चळवळ म्हणून इतिहासात नोंदली गेली आहे. पण एका आकड्यावर विश्वास ठेवण्यास शेतकऱ्यांनी दिलेला तो नकारही होता. त्याही आधी, १८८३ साली, महात्मा फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, तेव्हा कागद लिहिणारा कामगार आणि त्या कागदात काय लिहिले आहे हे वाचता न येणारा शेतकरी यांच्यातील अंतरावर त्यांनी बोट ठेवले होते. आणेवारीचा आकडा याच अंतरातून जन्माला येत असे.

नजरेऐवजी विळा वापरून पाहावा, हा विचार पहिल्यांदा पद्धतशीरपणे अमलात आणला तो जे. ए. हबॅक या सनदी अधिकाऱ्याने. १९२३ ते १९२५ या काळात त्यांनी बिहार व ओरिसातील भातशेतांत, एकराचा सुमारे ३,२०० वा भाग व्यापणारी लहान त्रिकोणी चौकट ठेवून आतले पीक कापले आणि तोलले. त्यांचा निबंध १९२७ साली बिहारमधील पुसा येथील कृषी संशोधन संस्थेच्या पत्रिकामालेत प्रसिद्ध झाला. १९३४ च्या भूकंपाने ती संस्था उद्ध्वस्त झाली, ती दिल्लीस आली आणि आपले नावही बरोबर घेऊन आली. दिल्लीच्या पश्चिमेकडील या विस्तीर्ण परिसराला ‘पुसा’ म्हणतात, ते बिहारातील एका गावाचे नाव आहे.

हबॅक यांच्या कल्पनेला मोठे रूप दिले ते प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी. १९३७ पासून त्यांनी बंगालमध्ये तागाच्या क्षेत्राची नमुना पाहणी हाती घेतली. आधी थोड्या भागात प्रयोग, त्यातून खर्च आणि चूक यांचा हिशेब, मग क्रमाक्रमाने साऱ्या प्रांतात विस्तार, अशी त्यांची शिस्त होती. पाहणीची पद्धत स्वतःच आधी पाहणीखाली घालावी, हा धडा भारतीय सांख्यिकीला त्यांनी दिला. पीक कापताना ते लहान वर्तुळ पसंत करीत. कारण लहान वर्तुळाला वेळ कमी लागतो, त्यामुळे त्याच खर्चात अधिक ठिकाणी कापणी करता येते.

या टप्प्यावर पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा प्रवेश होतो. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ साली जन्म, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिक्षण, लंडनमध्ये १९३६ साली डॉक्टरेट, आणि नंतर दिल्लीत कृषी संशोधन परिषदेच्या सांख्यिकी विभागाची धुरा, असा त्यांचा प्रवास आहे. १९५१ मध्ये ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत रोमला गेले, ही पुढची गोष्ट. त्याआधीच्या दशकात त्यांनी मुरादाबाद जिल्ह्यातील गव्हाच्या शेतांत एक साधा प्रयोग केला. एकाच पिकात वेगवेगळ्या आकारांचे तुकडे आखायचे, काही मोठे तर काही अगदी लहान. सारे कापायचे, आणि एकरी उतारा सारखा येतो का ते पाहायचे. तो सारखा आला नाही. तुकडा जितका लहान, तितका उतारा फुगलेला. दोन फूट त्रिज्येच्या वर्तुळात तर तो चाळीस टक्क्यांच्या आसपास जादा आला.

याचे कारण गणितात नव्हते, ते कापणाऱ्याच्या हातात होते. दोरी ताणली की काही रोपे नेमकी दोरीवर येतात. ते रोप आतले की बाहेरचे? शंका आली की माणसाचा हात ते आत ओढतो. भरलेली ओंबी बाहेर टाकणे जिवावर येते. तुकडा लहान असेल तर त्याच्या क्षेत्राच्या मानाने त्याची कड लांब असते, म्हणून अशा शंकास्पद रोपांचे प्रमाण वाढते. शिवाय ही चूक नेहमी एकाच दिशेने होते; हजार ठिकाणी कापणी केली म्हणून ती परस्परांत फिटत नाही. सुखात्मे यांनी १९४६ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात हा निष्कर्ष मांडला आणि एकराच्या ऐंशीव्या भागाएवढा मोठा तुकडा घ्यावा असा आग्रह धरला. त्यांचे सहकारी विनायक गोविंद पानसे यांनी इंदूरहून वऱ्हाडातील कापसावर काम केले. कापूस कापला जात नाही, तो वेचला जातो, आणि तोही एकदा नव्हे. त्यामुळे ज्याला सरकारी भाषेत ‘कापणी प्रयोग’ म्हणायचे त्यासाठी कर्मचाऱ्याने प्रत्येक वेचणीला त्याच तुकड्यावर परत यावे लागे. या दोघांनी मिळून लिहिलेला कृषी-सांख्यिकीवरील इंग्रजी ग्रंथ १९५४ साली निघाला आणि कित्येक पिढ्यांच्या हातांतून गेला. दिल्लीच्या कृषी सांख्यिकी संशोधन संस्थेच्या उभारणीतही पानसे यांचा वाटा मोठा आहे.

महालनोबीस आणि सुखात्मे यांच्यातील मतभेद पुष्कळ गाजला. त्याकडे केवळ दोन विद्वानांची स्पर्धा म्हणून पाहणे अन्यायाचे होईल. महालनोबीस यांचे म्हणणे असे की, खास तयार केलेले, कसून शिकवलेले कर्मचारी असतील तर लहान वर्तुळातली चूक आटोक्यात राहते. सुखात्मे यांचे म्हणणे असे की, एवढ्या मोठ्या देशात हे काम अखेर गावात असलेल्या महसूल व शेती खात्याच्या माणसांनीच करायचे आहे. तेव्हा साध्या माणसाच्या साध्या हातून कमीत कमी चुकेल अशी पद्धत हवी. एकाने माणूस सुधारायचे ठरवले, दुसऱ्याने माणसाला जसा आहे तसा धरून माप सुधारले. दोन्ही भूमिकांत तथ्य होते. देशाने बव्हंशी दुसरी स्वीकारली. तरी जुन्या वादाच्या खुणा शेतांत राहिल्या. बहुतेक राज्यांत आज पाच मीटर बाजूचा चौरस आखतात, पश्चिम बंगालमध्ये वर्तुळ, तर उत्तर प्रदेशात दहा मीटर बाजूचा समभुज त्रिकोण. राजधानीच्या परिसरात यमुना ओलांडून गाझियाबाद किंवा गौतम बुद्ध नगरच्या शेतांत उतरले की चौरसाचा त्रिकोण होतो. बारा कोसांवर बोली बदलावी तसे मापही बदलते. मात्र आत कापलेले धान्य त्याच तागडीत पडते.

या पद्धतीची रचना पाहण्यासारखी आहे. गावे, शेते आणि शेतातील जागा यांची निवड यादृच्छिक अंकांनी होते. ‘यदृच्छा’ म्हणजे योजनेविना घडणे. कर्मचाऱ्याला सोयीचे शेत, पाटलाच्या मर्जीचे शेत किंवा रस्त्यालगतचे शेत, यांपैकी कशालाही येथे वाव ठेवलेला नाही. शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यापासून ठरलेली पावले मोजायची, खुंट्या ठोकायच्या, दोरी ताणायची. मग शेतकऱ्याच्या कापणीच्याच दिवशी आतले पीक कापायचे, मळायचे, उफणायचे, तोलायचे आणि थोडे धान्य वाळवून पुन्हा तोलायचे. हे सारे त्या शेतातच, शेतकऱ्यासमोर. मराठी मुलखाला हे दृश्य अनोळखी नाही. गावच्या खळ्यावर पूर्वी रास उघड्यावर पडे, बलुतेदार आपापला वाटा घेण्यास जमत, आणि कोणाला किती गेले हे साऱ्यांच्या देखत ठरे. त्या व्यवस्थेत अन्याय होता, तो विसरता येणार नाही. परंतु धान्याचे माप उघड्यावर घ्यावे, ही तिच्यातील एक गोष्ट टिकवण्यासारखी होती. पीक कापणीचा प्रयोग हे पंचवीस चौरस मीटरचे खळेच आहे. कृषी आकडेवारीच्या लांबलचक साखळीत शेतकरी साक्षीदार म्हणून उभा राहतो, असे ठिकाण हे एवढेच.

आज या ठिकाणावर दोन बाजूंनी ताण आला आहे. एक ताण आतून आहे. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाने २००१ साली गावपातळीवरील पीक नोंदींच्या घसरत्या दर्जाबद्दल स्पष्ट नापसंती व्यक्त केली होती. बांधावर न जाता मागच्या वर्षाचेच पीक पुन्हा लिहिण्याची सवय खेड्यांत कोणाला नवी नाही. २०१६ मध्ये प्रधानमंत्री पीक विमा योजना आली आणि कापणी प्रयोगांवर अभूतपूर्व भार पडला. पूर्वी जिल्ह्याचा अंदाज पुरत असे. आता महत्त्वाच्या पिकांसाठी ग्रामपंचायतीच्या पातळीवरचा उतारा लागतो, आणि साऱ्या शेतांची कापणी तर त्याच दोन-तीन आठवड्यांत येते. शिवाय उतारा कमी निघाला तर भरपाई मिळते, जास्त निघाला तर कंपनीचे पैसे वाचतात. त्यामुळे दोरीवरच्या रोपाला आता दोन्ही बाजूंनी ओढणारे हात आहेत. महाराष्ट्राने २०२५ च्या खरिपापासून विम्याची भरपाई पीक कापणी प्रयोगातून निघणाऱ्या उत्पन्नावरच आधारण्याचा निर्णय घेतला, तेव्हा एका शेतातील त्या चौरसावर साऱ्या महसूल मंडळाचे भवितव्य येऊन ठेपले.

दुसरा ताण बाहेरून, खरे तर वरून आहे. पुसा परिसरातच २०१२ साली पिकांचे अंदाज उपग्रहाच्या साहाय्याने बांधणारे राष्ट्रीय केंद्र सुरू झाले, आणि त्याला महालनोबीस यांचे नाव देण्यात आले. २०२३ मध्ये केंद्र सरकारने विमा योजनेत भात व गहू या पिकांच्या उत्पन्नाच्या अंदाजात तंत्रज्ञानाधारित अंदाजाला किमान तीस टक्के वजन द्यावे असे ठरवले. महाराष्ट्रात २०२१ पासून शेतकऱ्याने स्वतःच मोबाइलवर ‘ई-पीक पाहणी’ नोंदवावी अशी व्यवस्था झाली. ‘पाहणी’ हा शब्द प्रथमच शेतकऱ्याच्या डोळ्याकडे आला, ही तिची जमेची बाजू. या साऱ्या साधनांचे मोल नाकारण्याचे कारण नाही. पेरणी किती झाली, पाणी कोठे तुंबले, पीक कोठे करपले, हे आकाशातून लवकर आणि निःपक्षपातीपणे दिसते. उपग्रहाला पाटलाची मर्जी राखावी लागत नाही.

तरीसुद्धा एक गोष्ट स्पष्ट म्हटली पाहिजे. विळ्याकडून नजरेकडे हा प्रवास पुन्हा सुरू झाला आहे, आणि नजर कितीही उंचावरची असली तरी ती नजरच असते. सुखात्मे यांनी दाखवलेली कडेची अडचण तिलाही सुटलेली नाही. या कामी पुष्कळ वापरल्या जाणाऱ्या सेंटिनेल-२ उपग्रहांच्या चित्रातला सूक्ष्मतम ठिपका दहा मीटर बाजूचा असतो. म्हणजे कापणीचे चार चौरस त्या एका ठिपक्यात मावतात. २०१५–१६ च्या कृषी गणनेनुसार देशातील सरासरी धारण क्षेत्र १.०८ हेक्टर आहे, आणि तेही अनेकदा तुकड्यांत विभागलेले. अशा शेतात कडेच्या ठिपक्यात अर्धा बांध, थोडे शेजाऱ्याचे पीक आणि थोडे आपले, असे मिसळून येते. कापसात तूर, ज्वारीत मूग असे आंतरपीक असेल तर आतल्या ठिपक्यातही तीच सरमिसळ. शिवाय पिकाचा हिरवेपणा दिसतो. दाणा भरला की नाही ते त्यावरून अनुमानावे लागते. त्या अनुमानाची गणिते बसवण्यासाठी पुन्हा जमिनीवरच्या कापणीचेच आकडे लागतात. म्हणून कापणी निकृष्ट झाली तर उपग्रहाचा अंदाज तिची उणीव भरून काढील, ही आशा भाबडी आहे. ज्या तागडीवर नवे वजन तपासायचे, तीच तागडी मोडीत काढून चालत नाही.

याला असे उत्तर दिले जाईल की कापणी प्रयोग तरी कोठे निर्मळ राहिला आहे? दबाव आहेत, कागदोपत्री प्रयोग आहेत, थकलेला कर्मचारी आहे. हे खरे आहे. परंतु दोन पद्धतींतील दोषांची जात वेगळी आहे. शेतात झालेली लबाडी शेतात उभा असलेला माणूस पाहू शकतो, तिच्याविरुद्ध बोलू शकतो, पुन्हा कापणीची मागणी करू शकतो. संगणकाच्या प्रतिमानात झालेली चूक त्याला दिसत नाही; ज्या भाषेत ती झाली ती भाषा त्याला येत नाही. फुले यांनी दाखवलेले कागद आणि शेतकरी यांच्यातील अंतर येथे कमी होत नाही, ते शेतातून उठून आकाशात जाते. खेड्याच्या शेतकऱ्यांना निदान समोर अधिकारी तरी होता.

म्हणून मागणी अगदी मर्यादित असावी. कोणतीही नवी पद्धत भरपाईचा किंवा राष्ट्रीय आकड्याचा आधार होण्यापूर्वी ती लहान, तुकड्यांच्या आणि आंतरपिकांच्या शेतांत, काटेकोर कापणीशी ताडून पाहावी आणि दोहोंतील फरक जिल्हावार प्रसिद्ध करावा. हा आग्रह अव्यवहार्य नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने २०१० साली कृषी आकडेवारी सुधारण्याचे जागतिक धोरण स्वीकारले, त्याअंतर्गत मिश्र पिकांचे क्षेत्र व उत्पन्न मोजण्याची रीत याच पुसातील संस्थेने तयार केली, आणि ती इंडोनेशिया, रवांडा व जमैका या देशांत प्रत्यक्ष शेतांवर पारखली गेली. परदेशी शेतकऱ्यासाठी जी काळजी घेतली गेली, ती बुलढाण्याच्या किंवा बागपतच्या शेतकऱ्यासाठी घेता येणे अवघड नसावे. कापणी प्रयोगांची संख्या कमी करावी लागली तरी हरकत नाही. थोडे पण खरे प्रयोग पुष्कळ खोट्या प्रयोगांपेक्षा बरे. आणि प्रत्येक प्रयोगाचे तोललेले वजन, तुकड्याचे माप व निघालेला एकरी उतारा शेतकऱ्याच्या भाषेत लिहून त्याची प्रत त्याच्या हाती त्याच दिवशी द्यावी. हा आकडा त्याच्या समक्ष जन्मलेला आहे. तो त्याला वाचता आला पाहिजे.

भारतीय भाषांच्या अभ्यासकांचे काम येथे सुरू होते. ग्रामीण साहित्यातील शेतकऱ्याच्या चित्रणावर विद्यापीठांत पुष्कळ लिहिले जाते. पण शेतकऱ्याविषयी दरवर्षी लक्षावधी प्रतींत लिहिला जाणारा मजकूर, म्हणजे सात-बारा, पाहणीचे नमुने, पैसेवारीची पत्रके, विम्याची कागदपत्रे, हा कोणी वाचत नाही. ‘आणेवारी’, ‘नजर’, ‘उतारा’, ‘वेचणी’ हे शब्द एका प्रदेशात काय सांगतात आणि त्यांचे इंग्रजीत किंवा हिंदीत आकड्यांच्या रकान्यात रूपांतर होताना काय गळते, हे सांगण्यास सांख्यिकाला भाषेचा जाणकार हवा आहे. वेचणी एक की चार, हे न विचारणारा रकाना वऱ्हाडात चुकणारच.

मुरादाबादच्या शेतात दोरीवर आलेले ते एक रोप आजही तेथेच उभे आहे. ते आतले की बाहेरचे, हे ठरवताना शेतकरी जवळ असावा, एवढेच येथे म्हणायचे आहे.